आई-बाबांना कॅनडात पीआरवर कसं आणायचं: नवीन आलेल्यांसाठी सगळी प्रोसेस

कॅनडात येऊन स्थिरावलं, पीआर (कायम राहण्याचा परवाना) हातात आली, नोकरी नीट लागली की जवळजवळ प्रत्येक मराठी घरात पुढचा विषय आई-बाबांचा असतो, आणि तिथेच बऱ्याच जणांचा गैरसमज होतो की पीआर झाली म्हणजे आता फॉर्म भरायचा आणि त्यांना बोलावून घ्यायचं. तसं होत नाही. म्हणून हे सगळं एका जागी, जमेल तेवढं सविस्तर लिहितोय. हे क्यूबेक सोडून बाकी कॅनडासाठी आहे, क्यूबेकमध्ये प्रांताची वेगळी प्रोसेस असते आणि हमीचा काळही वेगळा.

आधी हे समजून घ्या की थेट अर्ज करता येत नाही

या प्रोग्रामचं नाव पेरेंट्स अँड ग्रँडपेरेंट्स प्रोग्राम, सगळे पीजीपी म्हणतात. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने तो दोन वर्षं बंद ठेवला होता, २०१४ मध्ये ५,००० अर्जांची मर्यादा घालून उघडला, मग लॉटरी आली, २०१९ मध्ये "जो आधी येईल त्याला" असं केलं तर ऑनलाइन फॉर्म काही मिनिटांत संपला आणि लोक प्रचंड चिडले, म्हणून २०२० मध्ये परत लॉटरी. त्या वर्षी १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या काळात "इंटरेस्ट टू स्पॉन्सर" नावाचा फॉर्म भरून घेतला, दोन लाखांच्या आसपास लोकांनी भरला, आणि त्यानंतर २०२५ पर्यंत दर वर्षी निवड झाली ती त्याच २०२० च्या यादीतून. २०२४ मध्ये ३५,७०० जणांना अर्ज करायचं इन्व्हिटेशन गेलं, २०२५ मध्ये २८ जुलैपासून १७,८६० जणांना, आणि त्यातून १०,००० पूर्ण अर्ज घ्यायचे असं ठरलेलं होतं.

म्हणजे तुम्ही २०२१ नंतर कॅनडात आला असाल तर तुमचं नाव त्या यादीत असूच शकत नाही. हे ऐकून वाईट वाटतं, मला माहितीये, पण हे आधी कळलेलं बरं, कारण "आमच्या ओळखीने तुमचं नाव लॉटरीत टाकतो" असं सांगून पैसे घेणारे लोक आहेत आणि त्यांना बळी पडतात ते नवीन आलेलेच. कुणीही पैसे घेऊन यादीत नाव घालू शकत नाही. सल्लागार घ्यायचाच असेल तर तो कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या सार्वजनिक रजिस्टरमध्ये आहे का ते स्वतः बघा, किंवा वकील असेल तर त्या प्रांताच्या लॉ सोसायटीत. भारतातला एजंटसुद्धा या नियमातून सुटत नाही.

२०२० मध्ये फॉर्म भरला असेल तर तेव्हा मिळालेला कन्फर्मेशन नंबर शोधून ठेवा. इन्व्हिटेशन त्या वेळी दिलेल्या ईमेलवर येतं, मधल्या काळात ईमेल बदलला असेल तर आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबफॉर्मवरून नवा कळवा, निवड चालू असताना स्पॅम फोल्डर रोज बघा. आणि नवीन आलेल्यांनी आयआरसीसीच्या साइटवर पीजीपीचं पान मधून मधून बघत राहायचं, कारण काय उघडणार आणि कधी हे सरकार दर वर्षी नव्याने सांगतं.

तोपर्यंत सुपर व्हिसा

माझं स्पष्ट मत, बहुतेक घरांसाठी पहिलं पाऊल सुपर व्हिसाच (आई-बाबांना जास्त काळ राहता येणारा व्हिजिटर व्हिसा) असायला हवं, पीआरची आशा असली तरी. डिसेंबर २०११ मध्ये पीजीपी बंद असतानाच हा सुरू झाला. यात लॉटरी नाही. व्हिसा दहा वर्षांपर्यंत मल्टिपल एंट्री मिळतो, आणि ४ जुलै २०२२ पासून एका खेपेत पाच वर्षं राहता येतं, इथेच राहून मुदत वाढवताही येते.

लागतं काय तर तुमचं बोलावण्याचं पत्र ज्यात तुम्ही खर्चाची जबाबदारी घेता, तुमच्या उत्पन्नाचा पुरावा, आई-बाबांची मेडिकल, आणि किमान एक वर्षाचा, १,००,००० कॅनेडियन डॉलर कव्हरचा हेल्थ इन्शुरन्स. इन्शुरन्सचं नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरलेले किंवा हप्ते बांधून पहिली रक्कम भरलेली दाखवावी लागते. २८ जानेवारी २०२५ पासून काही परदेशी कंपन्यांचा इन्शुरन्सही चालतो, पण त्या कंपनीला कॅनडाच्या नियामकाची परवानगी असली पाहिजे, भारतातला कुठलाही ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊन चालेल असं समजू नका. शुगर किंवा बीपी असेल तर पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा, स्वस्त पॉलिसी नेमकी तिथेच कमी पडते.

सुपर व्हिसाचा खरा फायदा असा की आई-बाबा इथला एक पूर्ण हिवाळा काढून बघतात. पुण्याला किंवा सांगलीला सकाळी फिरायला जाणारी, भाजीवाल्याशी दहा मिनिटं बोलणारी माणसं जानेवारीत ब्रॅम्पटनच्या बेसमेंटमध्ये चार महिने कशी राहतात हे फोनवर ठरवता येत नाही. काहींना नातवंडांमुळे इथे करमतं, काही एप्रिलमध्ये तिकीट काढा म्हणतात, आणि दोन्ही बरोबरच आहे. पीआर घेतली की दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. शेती, फ्लॅट, आजारी मावशी, लग्नकार्यं सगळं तिकडे असलेल्या माणसाला ही अट जड जाते. म्हणून फाईलला हात लावायच्या आधी आई आणि बाबा दोघांना वेगवेगळं विचारा, आई बहुतेक वेळा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते, तिच्याकडून खरं उत्तर काढायला वेळ द्या.

तुम्ही स्पॉन्सर होऊ शकता का

वय १८ च्या वर, कॅनडात राहणारे, पीआर किंवा नागरिक (किंवा इंडियन अ‍ॅक्टखाली नोंद असलेले मूलनिवासी). दिवाळखोरीत असाल, अपंगत्वाशिवाय दुसऱ्या कारणाने सरकारी सोशल असिस्टन्स घेत असाल, किंवा आधी कुणाला स्पॉन्सर करून ती हमी मोडली असेल तर होत नाही.

इथे एक गोष्ट खूप विचारली जाते. सासू-सासऱ्यांना तुम्ही स्पॉन्सर करू शकत नाही, त्यांना तुमच्या बायकोने किंवा नवऱ्यानेच स्पॉन्सर करायचं, तुम्ही फक्त को-साइनर (सोबत सही करून हमी घेणारे) होऊ शकता. आणि को-साइनर हा जोडीदारच असतो, भाऊ-बहीण होऊ शकत नाहीत. भाऊ इथेच असेल आणि दोघांचा पगार मिळून हिशोब बसत असेल तरी तो मिळवता येत नाही. दोन्हीकडच्या आई-वडिलांना आणायचं असेल तर दोन वेगळे अर्ज आणि उत्पन्न सगळ्यांना पुरेल इतकं. हे नवरा-बायकोने आधी एकमेकांशी मोकळेपणाने बोलून घ्या, कुणाचे आई-वडील आधी हा प्रश्न नंतर अंगावर येतो.

उत्पन्नाचा हिशोब

मागची सलग तीन टॅक्स वर्षं, प्रत्येक वर्षी ठरलेल्या आकड्याच्या वर उत्पन्न पाहिजे. सरासरी चालत नाही, एक वर्ष कमी पडलं की फाईल गेली. हा आकडा म्हणजे लायको नावाची कमी उत्पन्नाची रेषा अधिक ३० टक्के (कोविडमुळे २०२० आणि २०२१ या वर्षांना ३० टक्के माफ होते). सुपर व्हिसाला ते वरचे ३० टक्के लागत नाहीत.

माणसं मोजताना तुम्ही, जोडीदार, तुमची मुलं, येणारे आई-बाबा, त्यांच्यावर अवलंबून असलेलं मूल येत नसलं तरी, आणि आधी कुणाला स्पॉन्सर केलं असेल आणि हमी चालू असेल तर तेही. फक्त आईच येणार आणि बाबा भारतात राहणार असं असलं तरी बाबा मोजले जातात. उदाहरण घ्या, नवरा-बायको, एक मुलगी, आणि आई-बाबा म्हणजे पाच. २०२५ च्या इन्व्हिटेशनसाठी पाच जणांचा आकडा २०२४ ला ८०,४९६ डॉलर, २०२३ ला ७५,३८४ आणि २०२२ ला ७२,९३५ होता. चार जण असतील तर २०२४ ला ७०,९७२.

आकडा बघितला जातो तो सीआरएच्या (कॅनडाच्या टॅक्स खात्याच्या) नोटीस ऑफ असेसमेंटवरच्या लाइन १५०००, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या ओळीवरून. आरआरएसपीत (निवृत्तीच्या बचत खात्यात) पैसे टाकल्याने ही लाइन कमी होत नाही, त्यामुळे त्याची काळजी करू नका. पण स्वतःचा धंदा, ट्रक, टिफिन, भाड्याचं घर असेल तर खर्च वजा झाल्यावरचा आकडाच तिथे येतो, आणि टॅक्स वाचवायला खर्च जास्त दाखवला की स्पॉन्सरशिपचा आकडा पडतो, तर अकाउंटंटला आधीच सांगून ठेवा की पुढे आई-बाबांची फाईल करायची आहे. मॅटर्निटी आणि पॅरेंटल बेनिफिट धरले जातात, नोकरी गेल्यावर मिळणारा नेहमीचा ईआय (बेरोजगारी भत्ता) धरत नाहीत. वर्षाच्या मध्यात लँड झालेल्यांचं पहिलं वर्ष बहुधा अर्धवट उत्पन्नाचं असतं, ते तीन वर्षांत मोजायचं म्हटलं तर क्वचितच बसतं. आणि अर्ज टाकला म्हणजे सुटलो असं नाही, पीआर मिळेपर्यंत आयआरसीसी पुन्हा उत्पन्न तपासू शकते.

वीस वर्षांची हमी

अर्जात तुम्ही एक अंडरटेकिंग सही करता, आई-बाबा पीआर झाल्या दिवसापासून २० वर्षं. (क्यूबेकमध्ये १०.) या काळात त्यांनी प्रांताकडून सोशल असिस्टन्स घेतलं तर ते पैसे सरकार तुमच्याकडून परत मागतं. नोकरी गेली, घटस्फोट झाला, तुम्ही दुसऱ्या देशात गेलात, आई-बाबा कॅनडाचे नागरिक झाले, तरी हमी संपत नाही, आणि को-साइनर जोडीदारही तेवढाच बांधलेला राहतो. हे वाचून सही करा. भावंडं भारतात असोत की इथे, म्हातारपणाचा खर्च कोण कसा उचलणार हे घरात बसून बोलून घ्या, कागदावर नाव एकट्याचंच असतं.

कागदपत्रं, आणि हा भाग आजपासून सुरू करा

इन्व्हिटेशन आलं की अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. कॅनडातले कागद त्यात होतात. अडकतं ते आपल्याकडच्या कागदांवर, आणि सगळ्यात जास्त नावांवर.

पहिला कागद तुमचा स्वतःचा जन्मदाखला, ज्यावर आई आणि वडील दोघांची नावं आहेत, कारण नातं त्यानेच सिद्ध होतं. बऱ्याच जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, किंवा आईचं नाव माहेरचं असतं, किंवा घरात हाक मारायचं नाव लिहिलेलं असतं. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत जिथे जन्माची नोंद आहे तिथूनच नाव घालून किंवा दुरुस्ती करून नवा दाखला काढावा लागतो. नोंदच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, जुनी कागदपत्रं, प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडा. उशिराने नोंद करायची झाली तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जावं लागतं, त्यात महिने जातात, आणि इथे बसून ते होत नाही, म्हणून गावाला जाल त्या सुट्टीत हे काम करा. कागद पुरेसे वाटले नाहीत तर अधिकारी डीएनए टेस्ट सुचवू शकतो.

आजी-आजोबांना आणायचं असेल तर तुमचा दाखला अधिक तुमच्या आईचा किंवा वडिलांचा दाखला, म्हणजे साखळी जुळली पाहिजे, आणि पन्नास-साठच्या दशकातली खेड्यातली नोंद शोधणं हे वेगळंच काम आहे.

आईच्या नावाचं नीट बघा. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतर बदललेलं नाव (कधी कधी पहिलं नावसुद्धा बदललेलं), मधलं नाव आधी वडिलांचं नंतर नवऱ्याचं, हे सगळं आपल्याला नैसर्गिक वाटतं पण इथल्या अधिकाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटू शकतात. फॉर्ममध्ये "आधी वापरलेली नावं" असा प्रश्न असतो, तिथे सगळी लिहा. लग्नाचं प्रमाणपत्र, असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद, आणि "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र जोडा. आई-बाबांच्या लग्नाची नोंदणीच झाली नसेल, जे त्या पिढीत अगदी सर्रास आहे, तर ती महाराष्ट्रात आता उशिराही करता येते.

जन्मतारीख हा दुसरा घोळ. त्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेले कितीतरी लोक आहेत, आणि आधारवर वेगळी, पेन्शनच्या कागदांवर वेगळी तारीख असते. पासपोर्टवरची तारीख प्रमाण धरा आणि बाकीचं तिच्याशी जुळवून घ्या.

मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, तो व्यवसायाने भाषांतरकार किंवा वकील असला तरी. भाषांतरासोबत मूळ कागदाची प्रत आणि भाषांतरकाराचं अ‍ॅफिडेव्हिट जोडायचं.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतं. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त ज्या देशात राहिले असतील तिथलंही लागतं, कॅनडा सोडून. म्हणजे बाबा दुबईला नोकरीला होते किंवा अमेरिकेत बहिणीकडे बाळंतपणाला आईने सात महिने काढले तर तिथलंही आणावं लागेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आई-बाबांच्या अर्जात त्यांची सगळी मुलं लिहा, येणारी, न येणारी, पहिल्या लग्नाची, दत्तक, वारलेली. अवलंबून असलेलं मूल म्हणजे २२ च्या आतलं आणि अविवाहित, किंवा मोठं असून शारीरिक-मानसिक कारणाने आई-बाबांवरच अवलंबून असलेलं. असं मूल लपवलं किंवा त्याची मेडिकल करून घेतली नाही तर पुढे आई-बाबांना त्याला कधीच फॅमिली क्लासमधून आणता येत नाही. २५ वर्षांचा धाकटा भाऊ मात्र या फाईलवर येऊ शकत नाही, कितीही इच्छा असली तरी.

इन्व्हिटेशन आल्यावर

दोन अर्ज एकत्र जातात, तुमचा स्पॉन्सरशिपचा आणि आई-बाबांचा पीआरचा, दोन्ही ऑनलाइन पीआर पोर्टलवरून. तुमच्याकडून मुख्य म्हणजे आयएमएम १३४४ आणि उत्पन्नाचा आयएमएम ५७६८, त्यांच्याकडून आयएमएम ०००८, ५६६९ आणि ५४०६. ५६६९ ला सगळ्यात जास्त वेळ लागतो कारण त्यात मागच्या दहा वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशोब द्यावा लागतो, मध्ये फट राहता कामा नये, निवृत्त असतील तर "निवृत्त" असंच लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. सरकारी नोकरी, पोलीस, सैन्य, ग्रामपंचायत सदस्य असं काही असेल तर त्याचे वेगळे रकाने आहेत. फॉर्म तुम्ही भरलात तरी आई-बाबांना प्रत्येक ओळ वाचून दाखवा, सही त्यांची आहे.

फी ३० एप्रिल २०२४ च्या दरांनुसार स्पॉन्सरशिप ८५ डॉलर, मुख्य अर्जदार ५४५ आणि पीआर हक्काची फी ५७५, जोडीदाराचे ६३५ आणि ५७५, शिवाय बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) माणशी ८५, कुटुंबाला मिळून जास्तीत जास्त १७०. हे दर दर दोन वर्षांनी वाढतात, भरताना साइटवर बघा. बायोमेट्रिक्स व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात, मुंबई आणि पुण्यात सेंटर आहे.

मेडिकल

आयआरसीसीने नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडेच करायची. नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपमध्ये नसलेली एक अट आई-बाबांना लागू होते, कॅनडाच्या आरोग्यव्यवस्थेवर अति भार पडेल का हे बघतात, आणि त्याची मर्यादा २०१८ पासून सरासरी कॅनेडियन माणसाच्या खर्चाच्या तिप्पट केली आहे. गोळ्यांवर नियंत्रणात असलेला डायबेटिस किंवा बीपी सहसा आड येत नाही, डायलिसिससारखं महागडं उपचार चालू असेल तर येऊ शकतं. शंका असेल तर नकार द्यायच्या आधी ते पत्र पाठवून उत्तर मागतात, त्या पत्राला मात्र वकिलाला विचारूनच उत्तर द्या. आणि डॉक्टरसमोर काही लपवू नका, जुनी ऑपरेशन्स, टीबी झाला असेल तर त्याचे कागद सोबत घेऊन जा.

आल्यावर आणि निघायच्या आधी

ओंटारिओत हेल्थ कार्डला आता तीन महिने थांबावं लागत नाही, ब्रिटिश कोलंबियात मात्र आलेला महिना आणि पुढचे दोन महिने जातात, त्या काळाचा इन्शुरन्स घेऊन ठेवा. उत्पन्न शून्य असलं तरी आई-बाबांचा टॅक्स रिटर्न दर वर्षी भरा, बऱ्याच सवलती त्यावरच ठरतात. भारतातलं पेन्शन, एफडीचं व्याज, घरभाडं हेही इथे दाखवावं लागतं, भारत-कॅनडा करारामुळे तिकडे भरलेल्या टॅक्सची वजावट मिळते. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात, आणि ५५ च्या पुढच्यांना भाषेची परीक्षा नाही.

भारतातल्या गोष्टी निघायच्या आधी लावून घ्या. कायम राहायला निघाले की त्यांची बचत खाती एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांची भारतातली खाती) करावी लागतात, बँकेत समक्ष जाऊन केलेलं कधीही सोपं. नावावर असलेली शेतजमीन ठेवता येते पण एनआरआय झाल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे सातबाऱ्यावरची वारस नोंद, वाटणी असं काही अडलं असेल तर ते आधी मार्गी लावा. फ्लॅट आणि सोसायटीसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र नोंदवून ठेवा. बाबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला जीवन प्रमाण अ‍ॅपवरून चेहरा दाखवून करता येतो, तो एकदा भारतात असतानाच त्यांच्या हाताने करून घ्या आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर रोमिंगवर चालू राहील असं बघा, ओटीपी त्याच नंबरवर येतात.